विदागार सर्व्हरची यंत्रसामग्री
विदागार सर्व्हर हा मोठ्या प्रमाणावरील विदा साठवून ती अनेक वापरकर्त्यांना एकाच वेळी उपलब्ध करून देणारा संगणक होय. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला; तीर्थपुरीच्या शेतकऱ्याच्या हाती उतारा किती लवकर पडतो, हे अशा यंत्रसामग्रीवरही अवलंबून असते.

खरेदीच्या वेळी लक्ष प्रोसेसरकडे जाते. अडथळा मात्र बहुधा साठवणुकीत असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या चकतीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती नोंद शीर्षाखाली येण्यात सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो. शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. एसएसडीत फिरते भाग नसल्याने ही प्रतीक्षा उरत नाही. वारंवार लागणारी विदा रॅममध्ये मावल्यास वाचनासाठी डिस्ककडे क्वचितच जावे लागते.

लेखनाचे तसे नाही. फेरफार पक्का झाल्याचे कळवण्यापूर्वी तो कायमस्वरूपी साठवणुकीवर उतरलेला असावा लागतो. काही स्वस्त एसएसडी नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवूनच होकार देतात. त्याच क्षणी वीज गेल्यास पक्की समजलेली नोंद नाहीशी होते. यासाठी अंतर्गत धारित्रांच्या विजेवर अपुरे लेखन पूर्ण करणाऱ्या एसएसडी वापरतात. यूपीएस असला तरी त्या लागतातच, कारण सर्व्हरचा स्वतःचा वीजपुरवठा भागही बिघडू शकतो.