विश्लेषण : अस्मितेच्या राजकारणावरील टीका नेमकी कोणाची, कशासाठी?

‘क्रिटिकल रेस थिअरी’ हे तीन शब्द २०२०पर्यंत अमेरिकेतील विधि महाविद्यालयांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढच्या दोन-तीन वर्षांत तेथील अनेक राज्यांनी शाळांमध्ये हा विषय शिकवण्याविरोधात कायदे केले. जानेवारी २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अध्यक्षपदी परतताच सरकारी कार्यालयांतील ‘डीईआय’ म्हणजे वैविध्य, समता आणि समावेशकतेचे कार्यक्रम गुंडाळले. त्याच झटक्यात १९६५चा एक आदेशही रद्द झाला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरीत वर्णभेद करू नये, असे तो आदेश सांगत होता. तो निघाला तेव्हा हा सिद्धांत जन्मालाही आला नव्हता. पुरोगामी अस्मितावादावर टीका करता करता गाडी येथवर कशी आली?

मुळात हा सिद्धांत काय म्हणतो?

‘क्रिटिकल थिअरी’चे मूळ जर्मनीतील फ्रँकफर्टच्या विचारवंतांकडे जाते. मॅक्स होर्कहायमर यांनी १९३७च्या निबंधात तिची मांडणी केली. अमेरिकेतील वंशविषयक शाखा मात्र कोर्टकचेऱ्यांतून उगवली. डेरिक बेल हे तिचे आद्य नाव. शाळांमधील वर्णविभाजन मोडण्यासाठी त्यांनी वकील म्हणून शेकडो खटल्यांवर काम केले आणि १९७१मध्ये ते हार्वर्ड विधि महाविद्यालयातील पहिले कायमस्वरूपी कृष्णवर्णीय प्राध्यापक झाले. इतके खटले जिंकूनही शाळा वेगळ्याच का राहतात, हा त्यांचा प्रश्न होता. गोऱ्यांचे हित आणि काळ्यांचे हित जुळते तेव्हाच काळ्यांना न्याय मिळतो, असे उत्तर त्यांनी १९८०मध्ये मांडले. ते कडवट वाटते, पण निराधार नव्हते. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटला न्यायालयात होता, तेव्हा १९५२मध्ये अमेरिकी सरकारनेच लेखी सांगितले होते, की वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयते खाद्य मिळते.

दुसरे नाव किंबर्ली क्रेनशॉ यांचे. त्यांनी १९८९च्या लेखात जनरल मोटर्सविरुद्धचा १९७६चा एक निकाल उलगडून दाखवला. सेंट लुईसमधील पाच कृष्णवर्णीय महिलांनी तो खटला भरला होता. मंदीत ‘शेवटी आला तो आधी बाहेर’ या नियमाने कपात झाली आणि उशिरा भरती झालेल्या काळ्या महिला सगळ्या बाहेर गेल्या. १९६४पूर्वी कंपनी काळ्या महिलांना घेतच नव्हती, तर त्यांची ज्येष्ठता येणार कोठून? न्यायालय म्हणाले, कंपनीने महिलांना आधीपासून नोकरी दिली आहे, त्यामुळे लिंगभेद नाही. वर्णभेदाची तक्रार असेल तर ती वेगळी चालवा, दोन्हींची मोट बांधता येणार नाही. नोकरी मिळालेल्या त्या महिला गोऱ्या होत्या, हे निकालात कोठेच अडले नाही. दोन रस्त्यांच्या चौकात झालेला अपघात कोणत्याच रस्त्याच्या हद्दीत मोडत नाही, तसे हे झाले. क्रेनशॉ यांनी याला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ म्हटले. पुढे ज्या शब्दावरून इतके रण माजले, त्याचा मूळ आशय इतका रोकडा आहे.

पहिली टीका घरातूनच?

होय, आणि आजवरची सर्वांत धारदारही तीच म्हणावी लागेल. जून १९८९मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये रँडल केनेडी यांचा दीर्घ लेख आला. केनेडी स्वतः कृष्णवर्णीय आणि त्याच महाविद्यालयात बेल यांचे सहकारी. बेल, रिचर्ड डेल्गाडो आणि मारी मात्सुदा यांच्या लेखनात एक दावा समान होता : वर्णभेद सोसलेल्या अभ्यासकाला असे काही दिसते, जे इतरांना दिसत नाही. त्यामुळे त्याच्या लेखनाला वेगळे वजन द्यायला हवे. डेल्गाडो यांनी तर १९८४मध्येच दाखवून दिले होते, की नागरी हक्कांवर लिहिणारे नामवंत गोरे प्राध्यापक एकमेकांचेच दाखले देत बसतात.

केनेडी यांनी नेमके यावर बोट ठेवले. काळ्या अभ्यासकांचे लेखन डावलले जाते असे म्हणायचे असेल, तर ते लेखन आणि त्याच तोडीचे इतर लेखन शेजारी ठेवून दाखवा. त्यांचा ‘आवाज’ वेगळा आहे असे म्हणायचे असेल, तर तो कोणत्या पानावर, कोणत्या युक्तिवादात वेगळा आहे ते सांगा. लेखकाचा वर्ण ही त्याची गुणपत्रिका होऊ शकत नाही. तशी ती झाली तर ‘काळा माणूस असाच विचार करतो’ हा जुना साचाच नव्या कपड्यांत परत येईल, हे त्यांचे म्हणणे.

लेखावर गदारोळ झाला. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकाने प्रतिवादांना जागा दिली. बेल यांनी १९९०मध्ये वेगळाच मार्ग धरला. महाविद्यालयात एकही कृष्णवर्णीय महिला कायमस्वरूपी प्राध्यापक नाही, या निषेधार्थ ते बिनपगारी रजेवर गेले. हार्वर्डने नियमावर बोट ठेवून १९९२मध्ये त्यांची नोकरी संपवली. त्या पदावर पहिली कृष्णवर्णीय महिला, लॅनी गिनियर, यायला १९९८ साल उजाडले. म्हणजे पुराव्याचा आग्रह धरणारे केनेडी तर्कात सरस ठरत असतील, पण दार बंद असल्याची बेल यांची तक्रारही खोटी नव्हती. केनेडी यांनीही आरक्षणासारख्या सकारात्मक कृतीला कधी विरोध केला नाही. २०१३मध्ये तिच्या समर्थनार्थ त्यांनी पुस्तकच लिहिले. आजच्या गदारोळात नेमका हा भाग कोणी सांगत नाही, कारण तो कोणत्याच गटाला सोयीचा नाही.

डाव्यांचा आक्षेप कशाला?

‘अस्मितेचे राजकारण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो बॉस्टनमधील कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रीवादी गटाच्या १९७७च्या निवेदनापासून. हा गट समाजवादी होता. आपल्या दडपणुकीपासून सुरुवात करायची आणि इतरांशी हात मिळवायचा, हा त्यांचा अर्थ. नायजेरियन वंशाचे तत्त्वज्ञ ओलुफेमी ताइवो यांनी २०२२च्या पुस्तकात या शब्दाचे पुढे काय झाले ते सांगितले आहे. वंचितांच्या नावाने बोलण्याची संधी त्या समूहातील खोलीत आधीच पोहोचलेल्यांना मिळते. जे खोलीपर्यंत आलेच नाहीत, त्यांची गैरहजेरी कोणाला जाणवत नाही.

नॅन्सी फ्रेझर यांनी १९९५मध्येच इशारा दिला होता, की ओळखीला मान देण्याच्या लढाईत संपत्तीच्या वाटपाची लढाई मागे पडते आहे. अडॉल्फ रीड हे कृष्णवर्णीय मार्क्सवादी अभ्यासक तर याहून कठोर आहेत. संचालक मंडळात चार चेहरे बदलले, की कंपनी पुरोगामी ठरते, आणि गोदामातल्या कामगाराचा पगार आहे तेथेच राहतो, असा त्यांच्या टीकेचा रोख. २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर कंपन्यांनी जी प्रशिक्षणे घेतली, ती पाहता यात तथ्य दिसते. रॉबिन डिअँजेलो यांचे ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ हे या प्रशिक्षणांचे आवडते पुस्तक. गोऱ्या माणसाने आक्षेप घेतला, तर तो आक्षेपही त्याच्या दोषाचेच लक्षण मानणारी ही मांडणी. मग असहमती दाखवायची कशी, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅक्व्हॉर्टर यांच्यासारख्या कृष्णवर्णीय टीकाकारांनीच जोरात विचारला. प्रशिक्षण घेणे पगारवाढ देण्यापेक्षा स्वस्त पडते, हे मात्र त्या वर्षी फार थोड्यांनी बोलून दाखवले.

मग सिद्धांताची शिवी कशी झाली?

सिएटल महापालिकेच्या अशाच प्रशिक्षणाची कागदपत्रे २०२०मध्ये ख्रिस्तोफर रुफो या उजव्या कार्यकर्त्याच्या हाती लागली. पुस्तकांच्या तळटीपा शोधत ते बेल आणि क्रेनशॉ यांच्यापर्यंत पोहोचले. १ सप्टेंबरला ते फॉक्स न्यूजवर बोलले आणि २२ सप्टेंबरला ट्रम्प यांनी अशा प्रशिक्षणांवर बंदी घालणारा आदेश काढला. बायडेन यांनी तो पहिल्याच दिवशी मागे घेतला, पण तोवर शब्द गावभर झाला होता. रुफो यांनी मार्च २०२१मध्ये समाजमाध्यमावर आपली पद्धत उघड सांगितली : लोकांना न पटणारे जे जे काही असेल, ते सारे या एका नावाखाली गोळा करायचे. एवढा प्रांजळपणा प्रचारात क्वचितच आढळतो.

फ्लोरिडाने २०२२मध्ये ‘स्टॉप वोक’ नावाने ओळखला जाणारा कायदा केला. विद्यापीठांना लागू होणारा आणि खासगी कंपन्यांना लागू होणारा असे त्याचे दोन्ही भाग त्याच वर्षी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर न्यायालयांनी रोखले. पुरोगामी लोक बोलू देत नाहीत, ही ज्यांची मुख्य तक्रार, त्यांचाच कायदा बोलण्यावर बंदी म्हणून अडला.

न्यायालयात काय घडले?

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वर्णाचा विचार करण्यास मनाई केली. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, हा त्या खटल्यातील मुख्य युक्तिवाद होता. न्यायपीठावर दोन कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होते. क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताच्या बाजूने स्वतंत्र निकालपत्र लिहिले, केटांजी ब्राऊन जॅक्सन यांनी विरोधात. आणि दोघांनी एकमेकांचा मुद्देसूद समाचार घेतला. दोघांनाही वर्णभेदाच्या इतिहासाची जाणीव आहे, दोघांनी तो निकालपत्रात मांडलाही. निष्कर्ष मात्र दोन टोकांचे. केनेडी यांचा १९८९चा मुद्दा समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

हाच वाद मराठी विद्यापीठीय वर्तुळात तीस वर्षांपूर्वी झाला आणि अधिक सभ्यपणे झाला. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, त्यांचे प्रश्न सवर्ण स्त्रीवाद्यांनी आणि दलित पुरुषांनी परस्पर बोलून टाकू नयेत, असे गोपाळ गुरू यांनी १९९५मध्ये मांडले. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी १९९८मध्ये त्याला उत्तर दिले. दलित स्त्रियांच्या जगण्यातून दिसणारे वास्तव केंद्रस्थानी हवे, हे त्यांना मान्य होते. पण ‘हे त्यांचे, त्यांनीच पाहावे’ असे म्हणून इतर स्त्रीवाद्यांना अंग काढून घेता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. ती दृष्टी अभ्यासाने आणि संघर्षाने इतरांनाही कमवावी लागते. केनेडी आणि बेल यांच्यात न सापडलेली वाट रेगे यांनी येथे शोधली होती, असे म्हणता येईल. त्यांचा मार्ग अवघडही आहे, कारण तो दोन्हीकडच्यांना काम लावतो.

आता हा वाद जातीच्या रूपाने थेट अमेरिकेत पोहोचला आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारे तेथील पहिले शहर ठरले. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या आणि स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसेच विधेयक मंजूर केले. त्याला भारतीय वंशाच्या काही संघटनांनी कडाडून विरोध केला. जातीचा वेगळा उल्लेख म्हणजे एका अल्पसंख्य समाजाकडे संशयाने पाहणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समर्थक दलित संघटनाही अल्पसंख्याकांच्या हक्कांच्याच भाषेत बोलत होत्या. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३मध्ये त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. वंश आणि पूर्वजांच्या आधारे होणाऱ्या भेदभावावर कायद्यात आधीच बंदी आहे, त्यात जातही येते, असे कारण त्यांनी दिले. जातीवरून डावलल्याची तक्रार घेऊन आता कोणी तेथील न्यायालयात गेलाच, तर जात ही वंशात मोडते की पूर्वजांच्या वारशात, हे सिद्ध करण्यापासून त्याला सुरुवात करावी लागेल.