नवा गॅरेज हीटर लागत नसेल तर

हीटर छताला टांगला, गॅसची नळी जोडली, भिंतीवर थर्मोस्टॅट बसवला, तापमान वाढवलं आणि काहीच झालं नाही. मिनेसोटा, मिशिगन किंवा ओंटारिओच्या हिवाळ्यात गॅरेज गरम करू पाहणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हा प्रसंग येतो. संशय लगेच हीटरवर जातो. नव्या जोडणीत मात्र आधी तपासायच्या त्या थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या दोन बारीक वायरी.

त्याआधी आपला हीटर कोणत्या जातीचा आहे ते पाहा. छताला टांगायच्या गॅस हीटरला १२० व्होल्टचा पुरवठा लागतो. आतला छोटा ट्रान्सफॉर्मर त्यातून २४ व्होल्ट तयार करतो आणि थर्मोस्टॅटपर्यंत जातात ते एवढेच. विजेवर चालणाऱ्या २४० व्होल्टच्या काही हीटरांत मात्र गरम करणारा सगळा प्रवाह थर्मोस्टॅटमधूनच वाहतो. ५००० वॉटचा हीटर २१ अँपियरच्या आसपास प्रवाह ओढतो. तिथे घरातला २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट चुकूनही लावू नये. तो जळेल आणि आगही लागू शकते. शिवाय उत्तर अमेरिकेत २४० व्होल्टच्या दोन्ही तारा जिवंत असतात. एकाच तारेत खंड पाडणारा थर्मोस्टॅट ‘बंद’ असला तरी दुसरी तार जिवंतच राहते. म्हणून अशा हीटरचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडेच द्यावं. पुढचं सगळं गॅस हीटरच्या २४ व्होल्टच्या वायरिंगबद्दल आहे.

हीटरवर ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ अशी दोन टर्मिनल दिसतील. ‘आर’वर ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट तयार असतात, ते ‘डब्ल्यू’वर पोहोचले की हीटरला चालू होण्याचा हुकूम मिळतो. थर्मोस्टॅट या दोघांमध्ये बसतो आणि दिव्याच्या बटणासारखं काम करतो: जोडतो किंवा तोडतो. हनीवेलचा १९५३ साली आलेला प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट हेच काम धातूच्या गुंडाळीने आणि काचेच्या नळीतल्या पाऱ्याच्या थेंबाने करत असे. आता स्क्रीन आली, वायफाय आलं, तरी हीटरच्या दृष्टीने काम तेच राहिलं.

म्हणून पहिली चाचणी थर्मोस्टॅटला पूर्ण वगळून करायची. ब्रेकर बंद करा, हीटरच्या ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’वरून थर्मोस्टॅटच्या वायरी सोडवा, वायरच्या छोट्या तुकड्याने दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडा आणि ब्रेकर चालू करा. आता थोडं थांबा, कारण हीटर लगेच पेटत नाही. आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा फिरतो, मग प्रेशर स्विच जुळतो, मग ठिणगी पडते आणि गॅस पेटतो. गरम हवा फेकणारा मोठा पंखा त्यानंतरही काही वेळाने सुरू होतो. तेवढा धीर न धरता ‘चालत नाही’ असं ठरवणारे पुष्कळ आहेत.

हीटर चालला तर हीटर निर्दोष. दोष वायरीत किंवा थर्मोस्टॅटमध्ये. पंखा फिरला, ठिणगी पडली, पण ज्योत आलीच नाही, तर वायरिंगचा नाद सोडा. गॅसचा कॉक उघडा आहे ना, ते पाहा. नव्या नळीत हवा अडकल्यामुळेही असं होतं. ज्योत पेटून लगेच विझत असेल, तर १२० व्होल्टच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत का किंवा अर्थिंग नीट आहे का, हे तंत्रज्ञाला तपासायला सांगा.

पूर्ण शांतता असेल तर जोडलेला तुकडा काढून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. ‘आर’ आणि ‘सी’ (ट्रान्सफॉर्मरचं दुसरं टोक) यांच्यामध्ये २४ ते २८ व्होल्ट दिसायला हवेत. नसतील तर सर्किट बोर्डवरचा छोटा फ्यूज पाहा. तो बहुधा तीन किंवा पाच अँपियरचा, मोटारीत असतो तसा चपटा असतो. ‘आर’ची वायर हीटरच्या पत्र्याला किंवा ‘सी’ला चुकून टेकली की तो उडतो. कारण न शोधता नवा घातला तर तोही उडेल.

मीटरचं एक वाचन मात्र भल्याभल्यांना फसवतं. वायरी पुन्हा जोडल्यावर ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यामध्ये मोजा. थर्मोस्टॅट बंद असताना २४ व्होल्ट दिसतात आणि तो उष्णता मागू लागला की आकडा शून्याजवळ येतो. ते शून्य म्हणजे वीज गेली असं नाही. दोन्ही टोकं एक झाली, त्यामुळे त्यांच्यात फरक उरला नाही. उलट तापमान वाढवूनही २४ व्होल्टच दिसत राहिले, तर वाट कुठेतरी तुटलेली आहे.

ती कुठे तुटली हे शोधायला ब्रेकर बंद करून वायरी दोन्ही टोकांना सोडवा. थर्मोस्टॅटकडची टोकं एकत्र पिळा आणि हीटरकडून रोध मोजा. एखाद-दुसरा ओहम आला तर वायर धड आहे. मग पीळ सोडून पुन्हा मोजा. आता काहीच जुळायला नको. तरीही जुळत असेल, तर बहुधा एखादी स्टेपल वायरच्या आवरणातून आत घुसली असावी. अशा वेळी हीटर न लागण्याऐवजी उलटं होतं: तो बंदच होत नाही.

वायर धड निघाली तर थर्मोस्टॅटची मागची पट्टी नीट पाहा. ‘आरएच’ आणि ‘आरसी’ अशी दोन टर्मिनल असतील आणि त्यांना जोडणारी पट्टी काढलेली असेल, तर हीटरच्या ‘आर’ची वायर ‘आरएच’वरच हवी. स्क्रूखाली तांब्याऐवजी आवरण दाबलं गेलंय का तेही पाहा. वायफायच्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी सतत वीज लागते, म्हणून त्याला बहुधा ‘सी’ची तिसरी वायर द्यावी लागते. ती ओढलेली नसेल, तर बॅटरीवर चालणारा साधा थर्मोस्टॅट गॅरेजसाठी मला अधिक भरवशाचा वाटतो.

सगळं जुळूनही हीटर अवेळी चालू-बंद होत असेल, तर थर्मोस्टॅटची जागा तपासा. हीटरचा झोत थेट त्याच्यावर येता कामा नये, आणि मोठ्या दाराजवळ तर तो नकोच. वायर जिथून भिंतीतून बाहेर येते ते भोकही बुजवून टाका. त्यातून येणारी थंड हवा थर्मोस्टॅटला खोलीपेक्षा वेगळंच तापमान दाखवते.