एक राणी, दोन कविता

झाशीची राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या रणभूमीवर धारातीर्थी पडली. तिची समाधी ग्वाल्हेरच्या फुलबागेत आहे. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) यांचे आयुष्य बहुतांशी त्याच मध्य हिंदुस्थानात गेले. या समाधीवर त्यांनी लिहिलेली कविता मराठी मुलांच्या परिचयाची आहे. याच राणीवर सुभद्राकुमारी चौहान (१९०४–१९४८) यांनी हिंदीत ‘झाँसी की रानी’ ही कविता लिहिली, आणि ती उत्तरेकडील शाळाशाळांतून मुखोद्गत केली जाते. नायिका एकच, पराक्रम एकच; तरीही या दोन कविता वाचताना मनात दोन निराळे भाव उमटतात. असे का व्हावे?

कवी कोठे उभा आहे, हे प्रथम पाहावे. तांबे समाधीपाशी उभे आहेत. वाटेने जाणाऱ्या देशबांधवाला ते थांबवितात आणि दोन आसवे गाळावयास सांगतात. त्यांच्या कवितेत राणीचे बालपण नाही, विवाह नाही, डलहौसीने खालसा केलेले संस्थानही नाही. आहे तो केवळ अखेरचा क्षण. शत्रूचा वेढा फोडून राणी येते, वीज कडाडावी तशी तळपते आणि कीर्तिरूपाने मागे उरते. सगळी कविता अवघ्या काही कडव्यांची! राणीचे माहेर आणि सासर या दोन्ही कुळांचा गौरव मात्र कवी विसरत नाही. राणीचे वडील मोरोपंत तांबे. कवीचे आडनावही तेच, हा योग वाचकाच्या ध्यानात राहतो.

सुभद्राकुमारींची कविता याच ठिकाणी येऊन पोहोचते. पण फार लांबचा प्रवास करून. बुंदेलखंडातील गावोगाव फिरणाऱ्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकलेली कथा आपण सांगत आहो, असे कवयित्री म्हणते. नानासाहेबांबरोबर खेळणारी मुलगी प्रथम दिसते. भाला, ढाल, तलवार, कट्यार याच तिच्या मैत्रिणी. शिवाजी महाराजांच्या शौर्यकथा तिला तोंडपाठ. मग विवाह, वैधव्य, राज्यावर आलेले संकट आणि युद्ध. तांब्यांच्या राणीचे तेज एकाएकी झळकते. हिंदी कवितेत ते वाचकाच्या डोळ्यांदेखत वाढत जाते. तेज असे घडताना दिसले, म्हणजे ते कोणा एकीलाच लाभलेले दैवी देणे वाटत नाही. म्हणूनच युद्धाच्या वर्णनात राणीच्या काना आणि मंदरा या दोन सख्याही तिच्या बरोबरीने लढताना दिसतात. तांब्यांच्या छोट्या चित्रात सख्यांना जागा नाही.

हिंदी कवितेच्या पालुपदात राणीला ‘मर्दानी’ म्हटले आहे. या शब्दापाशी विचारी वाचक अडखळतो. स्त्रीच्या शौर्याला पुरुषाचे नाव का द्यावे? त्या काळी शौर्याचे बहुतेक शब्द पुरुषांच्याच मालकीचे होते, हे त्याचे एक कारण. पण कविता लक्षपूर्वक वाचली, तर तो शब्द अपुरा पडतो असेच दिसेल. पती गेलेला, राज्य हिरावले जात असलेले, अशा स्थितीत राणी उभी राहते. ते बळ कोणाकडून उसने घेतलेले नाही. स्वतः कवयित्रीनेही तलवार हाती धरली नव्हती. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात आणि पुढे १९४२ मध्ये तिने तुरुंगवास पत्करला. तेथे तर ‘मर्दानी’ हा शब्द मुळीच बसत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. हिंदी कविता हरबोल्यांच्या गाण्यापासून निघते. गाणे आधीच झालेले आहे आणि कवयित्री ते ऐकून आली आहे. तांब्यांच्या कवितेच्या शेवटी शाहिरांची वाट पाहिली जाते. ते एक दिवस येथे जमतील, शूर पुरुष मस्तक नमवितील आणि समाधीचे दगडसुद्धा राणीची कथा बोलू लागतील, असे कवी सांगतो. तोवर त्या जागी तो आहे आणि त्याने थांबविलेला एक वाटसरू.