सबवूफर घ्यावा का? आधी खोलीकडे पाहा

सबवूफर हा फक्त खर्जाचे, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘बेस’चे, स्वर वाजवणारा स्पीकर आहे. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झचे आवाज ऐकू येतात. त्यातला ८० हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याखालचा पट्टा सबवूफरकडे सोपवला जातो. घरच्या स्टिरिओला तो जोडावा का, हे तीन गोष्टींवर ठरते: घरात काय ऐकले जाते, आहेत ते स्पीकर किती खाली उतरतात आणि खोली कशी आहे.

काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. भजन-कीर्तनात घुमणारा खर्ज मुख्यतः पखवाजाच्या डाव्या तोंडाचा असतो. तिथे ओली कणीक थापली की पुडीचे वजन वाढते आणि स्वर खाली उतरतो. सबवूफरचा पडदा मोठा आणि जड ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे. अभंग, नाट्यगीते, शास्त्रीय गायन यांत ५० हर्ट्झच्या खाली फारसे काही नसते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर तर खर्ज मुळातच कमी उतरलेला असे. जे ध्वनिमुद्रणात नाही, ते कोणताही सबवूफर वाजवू शकत नाही. याउलट बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला, तर पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झला वाजते. सिंथेसायझरवरची गाणी आणि चित्रपटांतले स्फोट याच पट्ट्यात येतात.

दुसरा मुद्दा स्पीकरचा. आवाजाची पातळी तेवढीच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे हलावे लागते. म्हणूनच फडताळात मावणारे पाच इंची स्पीकर साधारण ५० ते ६० हर्ट्झला दमतात. मोठे उभे स्पीकर ४० पर्यंत सहज जातात आणि संगीतासाठी बहुतेक वेळा तेवढे पुरते.

तिसरा आणि सर्वांत निर्णायक मुद्दा खोलीचा. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ २८ फूट भरते. एवढी लहर छोट्या खोलीत भिंतींवर आदळून परतते आणि काही ठरावीक स्वर फुगवते. ध्वनीच्या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की त्यातला पहिला स्वर मिळतो. बारा फुटांसाठी तो ४७ हर्ट्झ येतो, दहा फुटांसाठी ५६. खोली दहा बाय बारा आणि छतही दहा फुटांवर असेल, तर रुंदी आणि उंची दोन्ही ५६ हर्ट्झलाच फुगवतात. भिंतीला टेकून बसणाऱ्याला त्याची घुमघुम ऐकू येते, तर खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला तोच स्वर जवळपास नाहीसा झालेला जाणवतो.

खोलीबरोबर घराची जातही महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या वाड्यांत खोल्या चौकाकडे उघडतात, त्यामुळे खर्ज बाहेर पडायला वाट असते. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील दगडमातीची असंख्य घरे कोसळली आणि पुनर्वसित गावांत सिमेंटची बांधकामे आली. स्लॅब आणि पक्क्या भिंती फारशा हलत नाहीत, म्हणून खर्ज शोषत नाहीत. पडदे आणि सतरंजी वरच्या स्वरांना आवरतात, खर्जाला नाही. अशा बंद खोलीत सबवूफर कोपऱ्यात ठेवला की त्याचा जोर वाढतो आणि घुमघुमही वाढते.

जागा शोधण्याची सोपी युक्ती आहे. सबवूफर श्रोत्याच्या आसनावर ठेवून ओळखीचे गाणे लावावे आणि जमिनीलगत कान नेत भिंतीकडेने फिरावे. खर्ज जिथे सर्वांत स्वच्छ व एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवावा. क्रॉसओव्हरचे, म्हणजे कुठल्या स्वराच्या खालचा आवाज सबवूफरकडे जायचा हे ठरवणारे, बटण ८० हर्ट्झच्या आसपास लावावे. त्याच्या वर नेल्यास आवाज कोणत्या बाजूने येतो हे कानाला कळू लागते. फेजचे, म्हणजे सबवूफरचा पडदा स्पीकरच्या पडद्यांसोबत हलावा की उलट हे ठरवणारे, बटण दोन्ही स्थितींत तपासून भरीव वाटेल ती स्थिती निवडावी. शेवटी आवाज इतका कमी करावा, की सबवूफर वेगळा ऐकू येणार नाही, पण बंद केल्यावर उणीव जाणवेल.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मात्र ही मोजणी कानाच्या संवेदनेनुसार केली जाते, त्यामुळे तिच्यात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. मापकावर आकडा मर्यादेत दिसला तरी पलीकडच्या खोलीतली भांडी थरथरू शकतात.

थोडक्यात, ऐकणे भजन-भावगीतांचे आणि स्पीकर मोठे असतील, तर सबवूफरवरचा खर्च टाळावा. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढून पाहावेत. स्पीकर छोटे, आवड चित्रपटांची किंवा नव्या संगीताची आणि सबवूफर हवा तिथे ठेवण्याची मोकळीक असेल, तर तो जरूर घ्यावा. मात्र दुकानात ऐकून निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास आधी घरी लावून पाहावा.