वारंवार तोंड येणे आणि जीवनसत्त्वपूरके : एक विवेचन

प्रस्तावना :
‘तोंड येणे’ हा मराठी भाषकांच्या नित्य परिचयाचा विकार होय. गालाच्या आतील बाजूस वा जिभेच्या कडेला उठणारे हे वेदनादायक व्रण उष्णतेमुळे होतात, अशी समजूत रूढ आहे. जाईचा पाला चघळणे आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेणे हे त्यावरील सर्वपरिचित उपाय आहेत. यांपैकी जीवनसत्त्वपूरकांच्या उपयुक्ततेचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

विकाराचे स्वरूप :
बहुतांश व्रण १० मिलिमीटरपेक्षा लहान असतात व ७ ते १४ दिवसांत आपोआप भरून येतात. साहजिकच त्या काळात घेतलेल्या कोणत्याही गोळीस श्रेय मिळते. शिवाय ब-२ जीवनसत्त्वाच्या अभावी ओठांचे कोपरे चिरतात व जीभ लाल होते. त्यासही अनेकदा ‘तोंड येणे’ असेच म्हटले जाते. भिन्न विकारांस एकच नाव मिळाल्याने उपायांविषयीही गल्लत होते.

संशोधनाचा आढावा :
१९७५ साली ग्लासगो येथे १३० रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी २३ जणांत लोह, फॉलिक आम्ल वा ब-१२ यांची कमतरता आढळली. ती भरून काढल्यावर १५ रुग्ण व्रणमुक्त झाले, तर ८ जणांत सुधारणा झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १६० प्रौढांपैकी निम्म्यांना वर्षभरापर्यंत दररोज बहुजीवनसत्त्वाची गोळी देण्यात आली. तथापि व्रणांच्या संख्येत वा कालावधीत उल्लेखनीय फरक पडला नाही. २००९ च्या इस्रायलमधील चाचणीत मात्र रोज १००० मायक्रोग्रॅम ब-१२ घेणारे सुमारे ७४ टक्के रुग्ण सहाव्या महिन्यात व्रणमुक्त होते. तुलना गटात हे प्रमाण ३२ टक्के होते. रक्तातील मूळ पातळीशी या परिणामाचा संबंध दिसला नाही. परंतु या चाचणीत केवळ ५८ रुग्ण होते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

हे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी भासतात. वस्तुतः तिन्ही ठिकाणी प्रश्न वेगळा होता. कमतरता भरून काढणे, सर्वांना सामान्य मात्रा देणे आणि एकाच जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देणे या तीन भिन्न गोष्टी आहेत.

महाराष्ट्राचा संदर्भ :
२००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे परिसरातील अभ्यासात ६७ टक्के मध्यमवयीन पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी आढळली. शाकाहारी व्यक्तींत ही शक्यता अधिक होती. त्यामुळे आपल्याकडे रक्ततपासणीस विशेष महत्त्व प्राप्त होते. तपासणीविना केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण ब-१२ अभावी होणारी मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते.

निष्कर्ष :
जीवनसत्त्वपूरके हा सरसकट उपाय नसून सिद्ध झालेल्या कमतरतेवरील उपचार आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखूसेवन करणाऱ्या व्यक्तीत, मुखकर्करोगाचे लक्षण असू शकतो. अशा वेळी गोळ्यांवर विसंबून दवडलेला काळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.