गिरणगावातली माशांची थाळी

दादर-परळच्या मालवणी खानावळीत शिरलात की मेन्यूकार्ड उघडायच्या आधी भिंतीवरचा फळा बघावा. आज बंदरावर जे उतरलं तेच खडूने तिथे लिहिलेलं असतं आणि दुपार कलायला लागली की एकेक नाव पुसलं जातं. सुरमई संपली म्हणजे संपली. ज्या खानावळीत नावं पुसली जातात, तिथे मी डोळे झाकून जेवतो.

या थाळीची मुळं गिरण्यांत आहेत. बायकामुलं गावी ठेवून मुंबईत आलेला कोकणातला कामगार एका खोलीत दहाजणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा आणि महिन्याच्या हिशेबावर एखाद्या बाईकडे जेवायचा. पगार होईपर्यंत त्याला उधारीवर खाऊ घालताना त्या बाया स्वतः सावकाराकडे अडकायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे १९८२चा गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या गेल्या. त्या चवीला नवं गिऱ्हाईक मिळालं, पण रांधणाऱ्या बायांची नावं कुठल्याच पाटीवर आली नाहीत, याची मला खंत वाटते.

इथल्या हाताचं कसब बघायचं तर बोंबील मागवावा. हा मासा म्हणजे बहुतेक पाणीच. तो उभा चिरून उघडतात, कणा काढतात, मग वजनाखाली दाबून ठेवतात. पाणी निथळलं की आलं-लसूण, हळद, तिखट आणि आगळ चोळून, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवतात आणि तव्यावर टाकतात. दाबण्यात घाई झाली तर बोंबील तव्यावरच विरघळतो. नीट जमलेला उचलला की ताठ राहतो आणि जिभेवर गेला की उरत नाही.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवंच. त्याच्या उग्र तेलकटपणाला तेच पुरं पडतं. पापलेटच्या नाजूक कालवणात मात्र ते घालू नये.

पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. अंडी घालायच्या आधीच पिल्लं जाळ्यात येतात म्हणून तो घटतो आहे, आणि तरी थाळीत पिल्लंच वाढली जातात. तळहाताहून लहान पापलेट समोर आलं तर परत पाठवावं. बांगडा, मांदेली, तारली स्वस्त आहेत आणि चवीला तसूभरही कमी नाहीत.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा ‘ताजी सुरमई’ म्हणून जी येते ती बहुधा बर्फातली. वाढणाऱ्याला सरळ विचारावं, “दादा, खाडीचं काही आहे का?” नसेल तर सुक्या बोंबलाचं बटाटा घातलेलं कालवण आणि तांदळाची भाकरी मागवावी. सोलकढी दोनदा घ्यावी.