वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमधील नमुनाधारित नियम : स्वरूप व मर्यादा

संकेतस्थळाकडे येणारी प्रत्येक विनंती म्हणजे मूलतः मजकूरच होय. मागितलेला पत्ता, अर्जात भरलेली माहिती, कुकी हे सर्व अक्षररूपाने सर्व्हरपर्यंत पोहोचते आणि आक्रमणही त्याच वाटेने होते. वेब ॲप्लिकेशन फायरवॉल हा मजकूर आधी वाचते व पूर्वनिर्धारित नमुन्यांशी ताडून पाहते. नमुना जुळल्यास विनंती अडविली जाते किंवा केवळ तिची नोंद केली जाते. इव्हान रिस्टिच यांनी २००२ साली सादर केलेली मॉडसिक्युरिटी ही याच तत्त्वावरील मुक्तस्रोत प्रणाली होय.

नमुन्याला अक्षरे दिसतात, हेतू दिसत नाही. एसक्यूएलमधील 'युनियन सिलेक्ट' ही शब्दजोडी आक्रमकाच्या विनंतीत असते, तशीच ती डेटाबेस विषयाच्या प्राध्यापकाने ऑनलाइन भरलेल्या प्रश्नपत्रिकेतही असू शकते. म्हणून नवा नियम प्रथम केवळ नोंदीपुरता चालवावा, असा प्रघात आहे. मात्र हा प्रघात पुरेसा नाही.

२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने असाच एक नियम नोंदीपुरता, पण एकाच वेळी जगभर लागू केला. त्याने कोणतीही विनंती अडविली नाही. परंतु ताडून पाहण्याच्या कामातच सर्व्हरांचे प्रोसेसर गुंतून पडले. सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळांवर '५०२' ही त्रुटी दिसत राहिली. अशा अतिवापरास आळा घालणारी तरतूद काही आठवड्यांपूर्वी चुकून काढली गेली होती.

दोषाचे मूळ '.*.*=.*' या रचनेत होते. येथे टिंब म्हणजे कोणतेही अक्षर व तारका म्हणजे कितीही वेळा. पहिला '.*' संपूर्ण ओळ गिळतो. बरोबरचे चिन्ह उरत नाही, म्हणून एक अक्षर परत करतो. ते दुसरा '.*' घेतो, तोही परत करतो. अशा रीतीने ओळीची प्रत्येक संभाव्य विभागणी तपासली जाते. जुळणी न झाल्यास ओळीची लांबी दुप्पट होताच श्रम जवळपास चौपट होतात.

यावरील उपाय मात्र जुनाच आहे. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सर्व शक्यता एकाच वेळी पुढे नेल्या जातात. त्यामुळे दिलेल्या नमुन्यासाठी लागणारा वेळ ओळीच्या लांबीच्या प्रमाणातच राहतो. या पद्धतीवरील इंजिनांत आधी जुळलेल्या भागाचा पुन्हा उल्लेख करण्याची सोय नसते, एवढी किंमत मोजावी लागते. घटनेनंतर क्लाउडफ्लेअरनेही याच प्रकारच्या इंजिनाकडे वळण्याचे ठरविले.